आधी मोजणी, मग बचत : घरगुती ऊर्जावापराचे शालेय शिक्षण

अनेक शाळांमध्ये ऊर्जाबचत हा विषय भित्तिपत्रके, घोषवाक्ये आणि निबंध यांच्या रूपाने शिकवला जातो, आणि १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन जवळ आला की अनावश्यक दिवे मालवण्याचा उपदेश वर्गावर्गांतून पुन्हा एकदा होतो. या उपदेशात गैर काही नाही. परंतु घरातील कोणत्या वस्तूला किती ऊर्जा लागते हे ठरवण्याचे साधन त्यातून विद्यार्थ्याच्या हाती येत नाही, आणि त्यामुळे मोबाइलचा चार्जर खटक्याला तसाच राहिला म्हणून हळहळणारे मूल दोन किलोवॅटच्या गिझरकडे मात्र ढुंकूनही पाहत नाही. घरगुती ऊर्जेचे शिक्षण मोजणीपासून सुरू झाले पाहिजे आणि बचतीचा विचार त्या मोजणीतूनच वर आला पाहिजे, या भूमिकेतून इयत्ता सहावी ते दहावीच्या शिक्षकांना आणि पालकांना उपयोगी पडेल असे मार्गदर्शन येथे केले आहे.

या कामाला महागडी उपकरणे लागत नाहीत. घरातील वीजमीटर, मागील काही महिन्यांची वीजबिले, सेकंदकाटा असलेले घड्याळ, स्वयंपाकघरातील साधा वजनकाटा, एक तापमापी आणि नोंदवही एवढ्या सामग्रीवर संपूर्ण उपक्रम उभा राहतो.

वॅट, युनिट आणि घरातले अंदाज

प्रारंभी दोन संज्ञा पक्क्या कराव्या लागतात. वॅट हे ऊर्जा वापरण्याच्या वेगाचे माप आहे, तर युनिट हे एकूण वापरलेल्या ऊर्जेचे. एक हजार वॅटचे उपकरण सलग एक तास चालले की एक युनिट, म्हणजेच एक किलोवॅट-तास, वीज खर्च होते आणि ती ३६ लाख जूल ऊर्जेएवढी असते. नळ किती जोरात सोडला आहे आणि बादलीत किती पाणी साठले आहे, या दोन निराळ्या गोष्टी असतात, तसाच हा फरक आहे. तो एकदा मनात ठसला की जास्त वॅटचे उपकरण म्हणजे जास्त खर्च हा सरसकट समज आपोआप सैल होतो, कारण ७५० वॅटचा मिक्सर दिवसातून पाच मिनिटेच फिरतो, तर ७५ वॅटचा छताचा पंखा उन्हाळ्यात बारा-बारा तास थांबत नाही. मिक्सरचा महिन्याचा वापर यातून दोन युनिटांच्याही आत राहतो, पंख्याचा मात्र सत्तावीस युनिटांपर्यंत जातो. हे गणित सहावीतील विद्यार्थ्यांनी स्वतः फळ्यावर करावे, शिक्षकाने सांगून टाकू नये.

मोजणीला हात घालण्यापूर्वी एक तास केवळ अंदाजासाठी ठेवणे फार उपयुक्त ठरते. घरातील दहा-बारा उपकरणांची नावे फळ्यावर लिहून, महिन्याच्या वापरानुसार त्यांचा उतरता क्रम प्रत्येकाने आपल्या वहीत लावावा आणि ते पान पुढे बदलू नये. दूरचित्रवाणी आणि दिवे या यादीत बहुधा वर जातात, कारण ते डोळ्यांना दिसतात; पाणी तापवणारी आणि रात्रंदिवस चालू राहणारी उपकरणे खाली जातात. मोजणीनंतर हेच पान पुन्हा उघडले की स्वतःच्या समजुतीत आणि वस्तुस्थितीत किती अंतर होते हे विद्यार्थ्याला कोणी न सांगता कळते, आणि असे स्वतः पाहिलेले अंतर उपदेशापेक्षा कितीतरी अधिक काळ स्मरणात राहते.

मीटरची लुकलुक मोजणे

इलेक्ट्रॉनिक वीजमीटरच्या दर्शनी भागावर एक बारीक लाल दिवा असतो आणि त्याच्या जवळ प्रति युनिट किती वेळा तो लुकलुकतो याचा आकडा छापलेला असतो. हा आकडा मीटरगणिक वेगळा असू शकतो. तो ३२०० असेल तर एक युनिट वीज वापरली जाईपर्यंत दिवा ३२०० वेळा लुकलुकतो, असा त्याचा अर्थ. संपूर्ण उपक्रमातील सर्वांत मोलाचे साधन हाच दिवा होय, कारण त्याच्या साहाय्याने कोणत्याही उपकरणाचा प्रत्यक्ष वॅटवापर एकाही तारेला हात न लावता काढता येतो.

त्याची पद्धत अशी. सुट्टीच्या दिवशी, घरातील मोठ्या माणसाच्या उपस्थितीत, सर्व उपकरणे बंद करावीत. फ्रिज पंधरा-वीस मिनिटे बंद राहिल्याने काही बिघडत नाही, मात्र इन्व्हर्टर असल्यास त्याचे चार्जिंगही बंद करण्यास विसरू नये, अन्यथा सर्व आकडे चुकतात. मग एकच उपकरण चालू करून दहा लुकलुकी होण्यास किती सेकंद लागतात हे पाहावे. येथे मुलांकडून हमखास एक चूक होते: घड्याळ सुरू करताना दिसलेली पहिली लुकलुक ती 'एक' म्हणून मोजतात, वास्तविक ती 'शून्य' असते, कारण मोजायची आहेत ती दोन लुकलुकींमधील अंतरे. ही दुरुस्ती वर्गातच टाळ्या वाजवून करून घ्यावी. ३२०० आकड्याच्या मीटरसाठी ११,२५० या संख्येला दहा लुकलुकींना लागलेल्या सेकंदांनी भागले की वॅट मिळतात. ही संख्या कोठून आली हे आठवीच्या पुढील विद्यार्थ्यांनी स्वतः काढावे आणि आपल्या मीटरवर वेगळा आकडा असल्यास तिच्या जागी कोणती संख्या येईल हेही शोधावे. साध्या पंख्याला दहा लुकलुकींसाठी सुमारे दीडशे सेकंद लागले तर तो ७५ वॅटचा आहे, आणि गिझर लावताच तोच दिवा सेकंदाला जवळजवळ दोन वेळा लुकलुकू लागतो. याउलट ९ वॅटचा एलईडी दिवा एकटाच चालू असेल तर पुढच्या लुकलुकीसाठी दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ वाट पाहावी लागते. कित्येक धड्यांतून जे पोहोचत नाही ते या एका प्रतीक्षेतून पोहोचते.

पंख्याच्या बाबतीत एक उपयोग आणखी करून घेता येतो. जुन्या पेटीसारख्या रेग्युलेटरमध्ये पंख्याचा वेग कमी करण्यासाठी विजेचा काही भाग रेग्युलेटरमध्येच उष्णतेच्या रूपाने घालवला जातो, त्यामुळे पंखा मंद फिरला तरी वीज त्या प्रमाणात वाचत नाही. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये मात्र वेगासोबत वापरही लक्षणीय उतरतो. घरात यांपैकी कोणता रेग्युलेटर आहे हे एक नंबरवर आणि पाच नंबरवर मोजणी करून ओळखता येते. ज्या घरात बीएलडीसी प्रकारचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर चालणाऱ्या ब्रशविरहित मोटरीचा पंखा असेल, तेथील मोजणी २८ ते ३५ वॅटच्या आसपास येईल. महिनाभर रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे हा फरक सुमारे सोळा युनिटांचा पडतो, आणि वारा तेवढाच मिळतो.

सर्व काही बंद केल्यानंतरही दिवा लुकलुकत राहिला तर तो या अभ्यासातील सर्वांत उद्बोधक भाग समजावा. दूरचित्रवाणी रिमोटने बंद केली तरी तिच्याजवळचा सेट-टॉप बॉक्स बहुधा चालूच राहतो, आणि तो १० वॅट घेत असेल तर महिन्याला ७.२ युनिटे खर्च होतात. मोबाइलचा रिकामा चार्जर पावभर वॅटही घेत नाही, त्यामुळे त्याचा महिन्याचा हिशोब युनिटाच्या पाचव्या भागापलीकडे जात नाही. चार्जर काढून ठेवण्याची सवय चांगलीच. परंतु भित्तिपत्रकावर त्याला गिझरच्या बरोबरीने स्थान मिळते तेव्हा प्रमाणाचे भान सुटलेले असते, आणि प्रमाणाचे भान हेच तर या शिक्षणातून यायला हवे. एकही गोष्ट चालू सापडली नाही आणि तरीही लुकलुक थांबली नाही, तर वायरिंगमध्ये गळती असण्याची शक्यता असते. अशा वेळी विद्यार्थ्याने काहीही न उघडता परवानाधारक वायरमनला दाखवण्यास पालकांना सांगावे. मीटरचे झाकण, फ्यूज, मुख्य खटका यांना विद्यार्थ्याने कोणत्याही परिस्थितीत हात लावायचा नाही, ही अट लेखी स्वरूपात घरी पाठवणे योग्य.

फ्रिज, वातानुकूलन यंत्र आणि इस्त्री यांची मोजणी या पद्धतीने पूर्ण होत नाही, कारण ठरावीक तापमान गाठले की ती थोडा वेळ आपोआप थांबतात. फ्रिजवर छापलेल्या वॅटला चोवीस तासांनी गुणल्यास येणारे उत्तर वास्तवापेक्षा बरेच मोठे असते. त्यासाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकित लेबल वाचायला शिकवावे. ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ नुसार २००२ मध्ये स्थापन झालेल्या या ब्यूरोने २००६ पासून ही तारांकन योजना राबवली असून, लेबलवर फ्रिजचा वर्षभराचा अपेक्षित वापर युनिटांत दिलेला असतो. ताऱ्यांची संख्या पाहून थांबू नये, कारण निकष वेळोवेळी कडक होत असल्यामुळे काही वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे सारखे नसतात. लेबलवरील वर्ष आणि युनिटांचा आकडा हे दोन्ही वाचण्याची सवय लागली की दुकानात खरेदीच्या वेळी मूल पालकांना खरोखर उपयोगी पडते.

वीजबिलाचे वाचन

वीजबिल हे गणित आणि नागरिकशास्त्र या दोन्ही विषयांचे उत्तम पाठ्यसाहित्य आहे. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करून एकूण वापर काढणे पाचवीतल्या मुलालाही जमते. त्यानंतर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क या रकमा कशासाठी घेतल्या जातात ते समजावून द्यावे: स्थिर आकार हा जोडणीसाठी असतो आणि वापर शून्य असला तरी भरावा लागतो, वीज आकार वापरलेल्या युनिटांवर असतो, वहन आकार वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचा असतो, इंधन समायोजन आकार कोळशासारख्या इंधनाच्या आणि खरेदी केलेल्या विजेच्या किमतीतील चढउतारामुळे लागतो, आणि वीज शुल्क हा राज्य शासनाचा कर असतो. दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि त्यासाठी जनसुनावणी घेतली जाते, ही माहिती वरच्या वर्गांना अवश्य द्यावी.

महावितरणच्या घरगुती दरांत १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत. ११० युनिटे वापरली की सर्व ११० युनिटांना दुसऱ्या टप्प्याचा दर लागतो, असा समज मोठ्या माणसांतही आढळतो. प्रत्यक्षात पहिल्या १०० युनिटांना पहिलाच दर लागतो आणि केवळ वरच्या १० युनिटांना दुसरा. या रचनेचा बचतीशी थेट संबंध असा की वाचवलेली युनिटे नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातून कमी होतात. ३२० युनिटे वापरणाऱ्या घराने २० युनिटे वाचवली तर ती तिसऱ्या टप्प्याच्या दराने वाचतात. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून काढलेला सरासरी दर बचतीच्या हिशोबात वापरू नये, हे येथे स्पष्ट करावे. मुंबईत बेस्ट, टाटा पॉवर आणि अदानी इलेक्ट्रिसिटी यांची बिले दिसायला वेगळी असतात, तरी तत्त्व तेच राहते.

बिल ही कुटुंबाची खासगी बाब आहे, याचे भान शिक्षकाने सतत राखले पाहिजे. बिले वर्गात लावू नयेत, रकमा मोठ्याने वाचू नयेत. नाव नसलेल्या चिठ्ठीवर केवळ युनिटे आणि घरातील माणसांची संख्या मागवावी व माणशी वापर काढावा. काही विद्यार्थी भाड्याच्या खोलीत राहतात आणि त्यांचे मीटर घरमालकाकडे असते, काहींच्या घरी जोडणी सामायिक असते. अशांसाठी शाळेचे मीटर आणि शाळेचे बिल उपलब्ध ठेवावे, म्हणजे कोणी मागे पडत नाही. सर्वांत कमी बिल येणाऱ्या घराला बक्षीस देण्याची प्रथा तर कटाक्षाने टाळावी, कारण महिन्याला चाळीस-पन्नास युनिटे वापरणाऱ्या घरातील मूल बचतीमुळे नव्हे, तर पंख्याविना आणि अपुऱ्या उजेडात दिवस काढत असल्यामुळे या स्पर्धेत पहिले येण्याचा संभव असतो. अशा घराला काटकसर शिकवण्याचा अधिकार कोणालाही नाही. तेथे प्रश्न विचारायचा तो हा, की तेवढ्याच युनिटांत अधिक चांगला उजेड आणि अधिक वारा कसा मिळेल. सेवा कमी न करता ऊर्जा कमी लागणे याला कार्यक्षमता म्हणतात, आणि गरीब घरासाठी ऊर्जाशिक्षणाचा खरा लाभ तिच्यातच आहे. बक्षीस द्यायचे असेल तर ते सर्वांत नेटक्या व प्रामाणिक नोंदवहीला द्यावे.

स्वयंपाकघर आणि अंघोळीचे पाणी

घरातील ऊर्जा म्हणजे केवळ वीज नव्हे, आणि हा मुद्दा बहुतेक उपक्रमांतून सुटतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि एका किलोतून जळताना सुमारे १२.८ युनिटांएवढी उष्णता मिळते. म्हणजे एक भरलेला सिलिंडर सुमारे १८० युनिटांच्या तोडीचा असतो. तो चाळीस दिवस पुरत असेल तर स्वयंपाकघर दिवसाला साडेचार युनिटे ऊर्जा वापरते, आणि अनेक मध्यमवर्गीय घरांत हा आकडा दिवे, पंखे व दूरचित्रवाणी यांच्या एकत्रित वापराहून मोठा निघतो. सिलिंडर लावल्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवण्याची पद्धत बहुतेक घरांत असतेच. तिच्याच आधारे विद्यार्थ्याने हा हिशोब मांडावा.

येथे करण्याजोगा पहिला प्रयोग झाकणाचा आहे. एकच भांडे, एक लिटर पाणी आणि शेगडीची तीच ज्योत ठेवून, एकदा झाकणासह आणि एकदा झाकणाविना, पाणी उकळेपर्यंतचा वेळ मोठ्यांच्या देखरेखीखाली मोजावा. दुसऱ्या वेळी भांडे थंड करून घेणे आवश्यक आहे, नाहीतर तुलना खोटी ठरते. दुसरा प्रयोग निरीक्षणाचा: पाणी उकळू लागल्यावर ज्योत मोठी ठेवली काय आणि लहान केली काय, तापमापी तोच आकडा दाखवते. समुद्रसपाटीला तो १०० अंश सेल्सिअस असतो, तर महाबळेश्वरसारख्या सुमारे १,३५० मीटर उंचीच्या ठिकाणी ९५-९६ अंशांच्या आसपास. उकळी आल्यानंतर मोठी ज्योत अन्न लवकर शिजवत नाही, ती केवळ अधिक वाफ घालवते. कुकरमध्ये वाफ कोंडल्याने आतील दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, म्हणून डाळ लवकर शिजते. पहिली शिट्टी झाल्यावर ज्योत बारीक करण्याचे कारण याच प्रयोगातून उलगडते. डाळ-कडधान्ये आधी भिजवणे, भांड्याच्या बुडाबाहेर ज्योत जाऊ न देणे, भात अर्धवट शिजल्यावर झाकलेले भांडे जाड गोधडीत गुंडाळून तो उरलेला वेळ स्वतःच्याच उष्णतेत शिजू देणे, या गोष्टी मराठी घरांतील आजी-आयांना ठाऊकच असतात. म्हणून मुलाने घरी जाऊन आईला गॅस कसा वापरावा हे शिकवू नये, तर तिने त्या का व कशा अवलंबल्या हे तिच्याकडून विचारून घ्यावे आणि त्यामागील भौतिकशास्त्र वर्गात समजून घ्यावे. ऊर्जाबचतीचा भार घरातल्या बायकांच्या अंगावर अलगद टाकला जाण्याचा धोका अशा उपक्रमांत असतो; तो टाळण्यासाठी अंघोळीचे पाणी, इस्त्री, दूरचित्रवाणी, वातानुकूलन यंत्र आणि दुचाकी यांचाही हिशोब तेवढ्याच बारकाईने झाला पाहिजे.

ज्या घरांत चूल आहे तेथे लाकडाचे वजन करून रोजचा वापर नोंदवता येतो. साध्या तीन दगडांच्या चुलीत लाकडातील उष्णतेचा थोडाच भाग भांड्याला पोहोचतो आणि धूर मात्र श्वासात जातो, हे सांगताना त्या कुटुंबाला दोष लागेल असा एकही शब्द येऊ नये. गॅस घेणे परवडणे हा घराच्या इच्छेचा नव्हे, उत्पन्नाचा प्रश्न असतो.

अंघोळीच्या पाण्याचा हिशोब आठवीच्या विज्ञानाला नेमका जुळतो. एक लिटर पाणी एका अंशाने तापवण्यास सुमारे ४.१९ किलोजूल ऊर्जा लागते. त्यामुळे १५ लिटरची बादली २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत नेण्यास सुमारे १,२५७ किलोजूल, म्हणजे ०.३५ युनिट लागते. एवढ्या विजेवर ९ वॅटचा दिवा ३९ तास जळतो. चार माणसांच्या घरात महिन्याला हा वापर ४२ युनिटांवर जातो, आणि गिझर तासभर आधीच लावून ठेवला तर टाकीतून निसटणारी उष्णता त्यात आणखी भर घालते. ४५ ऐवजी ४० अंशांचे पाणी पुरत असेल तर एक चतुर्थांश ऊर्जा वाचते, हे विद्यार्थी स्वतः सूत्रात आकडे घालून काढू शकतात.

याच ठिकाणी विजेच्या उगमाचा विषय काढावा, कारण येथे तो निव्वळ माहिती न राहता निर्णयाला उपयोगी पडतो. महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशापासून होते. २,९२० मेगावॅट क्षमतेचे चंद्रपूरचे केंद्र हे त्याचे ठळक उदाहरण. औष्णिक केंद्रात कोळशातील उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग विजेत उतरतो आणि त्यातलाही काही अंश वहनात जातो. एका युनिटामागे अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. आधी उष्णतेची वीज करायची आणि ती घरी आणून पुन्हा तिची उष्णता करायची, हा प्रवास विद्यार्थ्याला समजला म्हणजे छतावरचा सौर बंब पाणी तापवण्यासाठी इतका योग्य का, याचे उत्तर त्याला वेगळे सांगावे लागत नाही. देशभरातील सर्व स्रोतांची सरासरी धरली तरी एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. घराचा मासिक वापर या संख्येने गुणण्याचे उदाहरण द्यावे, पण त्याचा उपयोग भीती घालण्यासाठी करू नये.

दिवसाच्या कोणत्या वेळी वीज वापरली जाते यालाही महत्त्व आहे. दुपारी सौर प्रकल्पांची वीज भरपूर असते, तर संध्याकाळी सूर्य मावळतो आणि घराघरांतील दिवे, पंखे, दूरचित्रवाणी एकदम सुरू होतात. हा भार उचलण्यासाठी १,९६० मेगावॅटच्या कोयनेसारखी, झटपट चालू करता येणारी जलविद्युत केंद्रे कामाला लावली जातात. पाण्याची मोटर, धुलाई यंत्र आणि इस्त्री ही कामे दिवसा उरकली तर युनिटे कमी होत नाहीत, पण संध्याकाळचा ताण हलका होतो. वाचवणे आणि वेळ बदलणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना समजले पाहिजे.

उपक्रमाची आखणी आणि घरातील संवाद

दिवाळीच्या सुट्टीनंतर अंदाजाचा तास आणि मीटरवाचन सुरू करून, रोज ठरावीक वेळी रीडिंगची नोंद घेत, डिसेंबरच्या मध्यापर्यंत पहिला टप्पा पुरा करता येतो आणि १४ डिसेंबरला घोषवाक्यांऐवजी स्वतः काढलेले आकडे मांडता येतात. परंतु हिवाळ्यात गिझर जास्त आणि पंखा कमी चालतो, त्यामुळे एप्रिलमध्ये परीक्षेच्या आगेमागे आठवडाभराची दुसरी मोजणी घेतल्याशिवाय घराचे चित्र पूर्ण होत नाही. बचत झाली की नाही हे ठरवताना मागच्या महिन्याशी नव्हे, तर मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना करावी, आणि पाहुणे, गणपती-दिवाळीची रोषणाई, आजारपण, लग्नकार्य अशा कारणांची नोंद शेजारच्या रकान्यात ठेवावी. वापर वाढला असेल तर तोही तसाच लिहावा. आकडा सुधारून दाखवण्याची सवय लागली तर सर्व खटाटोप व्यर्थ होतो.

घरच्यांशी कसे बोलावे याचाही सराव वर्गात व्हावा. प्रत्येक खटक्यामागे पहारा देणारे मूल चार दिवसांत घरात नकोसे होते. त्याऐवजी त्याने रविवारी सर्वांसमोर मोजणी मांडावी, सर्वांत जास्त वापराच्या तीन गोष्टी दाखवाव्यात आणि त्यांपैकी कोणत्या बाबतीत काय करता येईल हे घरानेच ठरवावे. आजी-आजोबांच्या खोलीतील रात्रीचा दिवा, जिन्यातील उजेड, अभ्यासाच्या टेबलावरील दिवा यांना बचतीतून वगळावे. ९ वॅटचा दिवा रात्रीचे दहा तास जळला तरी युनिटाचा जेमतेम दहावा हिस्साच लागतो, आणि अंधारात पडून मोडलेल्या हाडाची भरपाई त्यातून होत नाही. दिव्यांविषयीचा पूर्वीचा आग्रह ६० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या काळातला आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेनंतर एलईडी दिवे घरोघरी पोहोचले आणि तेच काम ९ वॅटमध्ये होऊ लागले, म्हणून भर आता पंखे, पाणी तापवणे आणि थंडावा यांकडे सरकायला हवा. वातानुकूलन यंत्र असलेल्या घरांसाठी एवढे पुरे की १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-यंत्रे मुळातच २४ अंशांवर सुरू होतील अशी रचना बंधनकारक आहे, आणि ब्यूरोच्या अंदाजानुसार तापमान एका अंशाने वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते.

हे सर्व घरांपुरते ठेवून शाळा मात्र तशीच राहिली तर मुलांना विसंगती लगेच जाणवते. शाळेचे बिल, रिकाम्या वर्गांतील पंखे, संगणक कक्ष, ओसंडून वाहणारी पाण्याची टाकी यांची पाहणी नववीच्या गटांनी करावी आणि मुख्याध्यापकांपुढे लेखी मांडावी. त्यांतील निदान एक शिफारस त्याच सत्रात अमलात यावी. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने हाताने काम करत शिकण्याची जी पद्धत रुजवली, तिच्यात ऊर्जा आणि पर्यावरण हा एक स्वतंत्र विभाग आहे. ज्या शाळांमध्ये या पद्धतीचा अभ्यासक्रम चालतो तेथे हा उपक्रम कार्यशाळेला सहज जोडता येतो, आणि जेथे तो नाही तेथे गावातील एखाद्या अनुभवी वायरमनला दोन तासांसाठी बोलावणेही पुष्कळ ठरते.

वर्षाअखेरीस नोंदवह्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. नावे काढून टाकलेले आकडे, म्हणजे उपकरणाचा प्रकार, खरेदीचे वर्ष, लुकलुकीवरून काढलेले वॅट, डिसेंबर व एप्रिलमधील आठवड्याचा वापर आणि घरातील माणसांची संख्या, एका मोठ्या वहीत उतरवून पुढच्या वर्षीच्या वर्गाकडे सोपवावेत. नव्या विद्यार्थ्यांना त्यामुळे अंदाजाच्या तासानंतर लगेच तुलनेसाठी आपल्याच गावातील किंवा वस्तीतील आकडे मिळतात, आणि तीन-चार वर्षांच्या नोंदी जमल्यावर साधे पंखे जाऊन नवे आल्याने, गॅसऐवजी विजेची शेगडी आल्याने किंवा छतावर सौर पॅनेल बसल्याने घरांचा वापर कसा बदलत गेला याचा आलेख दहावीचे विद्यार्थी स्वतः काढू शकतात.